सामग्रीचे प्रकार आणि नमुना निवड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदवी आणि पदव्युत्तर वर्गांतील विद्यार्थी, कृतिसंशोधन करणारे शिक्षक आणि गावपातळीवर सर्वेक्षणाचे काम पाहणारे कार्यकर्ते यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल असे लिहिले आहे. जेथे एका उत्तराचा धागा दुसऱ्यात आहे, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सामग्री, विदा, आकडेवारी आणि माहिती हे चार शब्द एकाच अर्थाने वापरले तर चालतील का?

बोलण्यात चालतात, अहवालात चालत नाहीत. निरीक्षणातून, मोजणीतून किंवा विचारपूस करून कच्च्या नोंदींच्या रूपात जे हाती येते, ती सामग्री होय. संगणकाच्या संदर्भात तिलाच विदा म्हणतात आणि ‘डेटा’ हा शब्द तर आता सर्वांच्याच तोंडी आहे. त्या नोंदींची वर्गवारी आणि बेरीज करून जी कोष्टके तयार होतात ती आकडेवारी, आणि आकडेवारीचा अर्थ लावल्यावर जे कळते ती माहिती. पाठ्यपुस्तकांत ‘सामग्री’ हा शब्द रुळलेला असल्यामुळे येथे तोच ठेवला आहे.

२. पिनकोड, मोबाइल क्रमांक, हजेरी क्रमांक हे सगळे अंकांतच असतात. मग ती संख्यात्मक सामग्री का नाही?

अंक दिसले म्हणजे संख्या झाली असे नाही. कसोटी सोपी आहे: त्या अंकांची बेरीज, वजाबाकी किंवा सरासरी काढली तर तिला काही अर्थ उरतो का, हे पाहावे. ४११०३० आणि ४००००१ या दोन पिनकोडांची सरासरी संगणक बिनतक्रार काढून देईल, पण त्या सरासरीच्या पत्त्यावर टपाल पोहोचणार नाही. येथे अंक हे केवळ नाव म्हणून वापरलेले आहेत, म्हणून ही सामग्री गुणात्मक आहे. रक्तगट, मातृभाषा, पिकाची जात, घराच्या छपराचा प्रकार ही तिचीच भावंडे. उलट कुटुंबातील माणसे, दुधाचे लिटर, जमिनीचे गुंठे यांची बेरीज अर्थपूर्ण असते, म्हणून ती संख्यात्मक सामग्री.

पुरुषांना १ आणि स्त्रियांना २ असा संकेत देऊन ‘लिंगाची सरासरी १.४७’ असे छापलेले प्रकल्प दरवर्षी येतात. हा दोष संगणकाचा नाही. मात्र एक अपवाद ध्यानात ठेवावा. दोनच पर्याय असताना त्यांना ० आणि १ असे संकेत दिले, तर त्यांची सरासरी म्हणजे १ हा संकेत असलेल्यांचे प्रमाण असते आणि ती पूर्णपणे अर्थपूर्ण ठरते.

३. वय हे खंडित चल आहे की अखंडित? परीक्षेत दोन्ही उत्तरे लिहिलेली पाहिली आहेत.

चल म्हणजे घटकागणिक बदलणारे मूल्य. वय मुळात अखंडित आहे, कारण दोन वयांच्या मध्ये कितीही सूक्ष्म मूल्य संभवते. परंतु आपण ते ‘पूर्ण झालेली वर्षे’ म्हणून लिहितो, म्हणून नोंद खंडित दिसते. खंडित चलात मुळातच मधली मूल्ये नसतात: गोठ्यात साडेतीन म्हशी नसतात. म्हणून चल मुळात कसे आहे आणि आपण ते कसे नोंदवले, हे दोन्ही उत्तरात लिहावे.

वयाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. ‘आजोबा, वय किती?’ असे विचारले की उत्तर येते, ‘असेल साठ-पासष्ट.’ अशा उत्तरांमुळे जनगणनेच्या कोष्टकांतही ० आणि ५ या अंकांनी संपणाऱ्या वयांवर लोकांचा ढीग झालेला दिसतो. तेव्हा वय पाच किंवा दहा वर्षांच्या वर्गांत मांडताना त्या ढिगाच्या मधून वर्गसीमा जात नाही ना, हे पाहावे.

४. मापनाच्या चार पातळ्या पाठ आहेत. पण अंतराल आणि गुणोत्तर यांत नेहमी गोंधळ होतो. फरक कसा ओळखावा?

नामदर्शक, क्रमदर्शक, अंतराल आणि गुणोत्तर ही चौपदरी मांडणी मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ मध्ये केली. पहिल्या दोन पातळ्या सहज कळतात: रक्तगटाला केवळ नाव असते, तर ‘उत्तम, बरा, वाईट’ यांत क्रम असतो, पण दोन पायऱ्यांमधले अंतर ठाऊक नसते. गोंधळ उरतो तो शेवटच्या दोन पातळ्यांत, आणि तो शून्यामुळे होतो.

आपल्याकडे याचे उत्तम उदाहरण भिंतीवरच्या दिनदर्शिकेतच आहे. इसवी सन १९७८ च्या गुढीपाडव्याला शके १९०० सुरू झाले. दोन घटनांमधले अंतर वीस वर्षे असेल, तर ते कोणत्याही कालगणनेत वीसच राहते. पण ‘सन २००० हे सन १००० च्या दुप्पट’ या विधानाला अर्थ नाही, कारण तीच वर्षे शकात १९२२ आणि ९२२ होतात आणि दुप्पट नाहीशी होते. येथे शून्य हा माणसांनी ठरवलेला आरंभबिंदू आहे, म्हणून वर्ष हे अंतराल पातळीवरचे मापन होय. तापमानाचेही तसेच आहे: ४४ अंश सेल्सिअस हे २२ च्या दुप्पट वाटते, पण फॅरनहाइटमध्ये तेच आकडे १११.२ आणि ७१.६ होतात. याउलट शून्य गुंठे म्हणजे जमीन नाहीच. म्हणून ८० गुंठे हे ४० गुंठ्यांच्या दुप्पट आहेत आणि एकरांत मोजले तरी २ एकर हे १ एकराच्या दुप्पटच राहतात. एकक बदलून पाहावे. गुणोत्तर टिकले तर पातळी गुणोत्तराची.

५. ‘पूर्णपणे सहमत’ ते ‘पूर्णपणे असहमत’ अशा पाच पर्यायांची सरासरी काढू का? एक मार्गदर्शक काढा म्हणतात, दुसरे नको म्हणतात.

दोघांच्याही मागे जुनी परंपरा आहे. रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये ही रीत मांडली, तेव्हाच अनेक विधानांचे गुण मिळवून एक एकूण गुण काढणे तिच्यात अभिप्रेत होते. म्हणून एकाच वृत्तीविषयीच्या दहा-पंधरा विधानांची बेरीज करून तिची सरासरी काढणे व्यवहारात मान्य आहे. एकाच प्रश्नाच्या उत्तरांची सरासरी मात्र काढू नये, असे माझे मत आहे. ती सामग्री क्रमदर्शक असल्यामुळे मध्यक, बहुलक आणि प्रत्येक पर्यायाची टक्केवारी द्यावी. निम्मे लोक ‘पूर्णपणे सहमत’ आणि निम्मे ‘पूर्णपणे असहमत’ असतील तर सरासरी ‘तटस्थ’ येते, आणि प्रत्यक्षात तटस्थ माणूस एकही नसतो.

६. तलाठी कार्यालयात स्वतः जाऊन सातबारा उताऱ्यांवरून पिकांची नोंद घेतली. मेहनत माझी आहे, तर सामग्री प्राथमिक म्हणावी का?

नाही. सामग्री प्राथमिक की दुय्यम, हे कोणी पायपीट केली यावरून ठरत नाही. ती मुळात कोणी आणि कोणत्या हेतूने गोळा केली यावरून ठरते. सातबाऱ्यावरील पिकांची नोंद महसूल प्रशासनासाठी झालेली आहे, म्हणून तुमच्यासाठी ती दुय्यम. तुम्ही शेतावर जाऊन पीक पाहिले किंवा शेतकऱ्याला विचारले असते, तर ती प्राथमिक झाली असती.

दुय्यम म्हणजे कमअस्सल असा अर्थ मात्र घेऊ नये. फक्त ती नोंद करणाऱ्याची रीत मध्येच बदललेली असू शकते, हे तपासावे. महाराष्ट्रात २०२१ च्या खरिपापासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच मोबाइलवरून पीक नोंदवू लागले. त्यामुळे त्याआधीची आणि नंतरची वर्षे एकाच रेषेवर मांडताना आकड्यातील फरक पिकातला आहे की नोंदणीच्या रीतीतला, हा प्रश्न अहवालात उपस्थित करावाच लागतो.

७. समष्टी, जनसंख्या, नमुना, न्यादर्श: यांपैकी कोणते शब्द बरोबर?

ज्यांच्याविषयी निष्कर्ष काढायचा आहे त्या सर्व घटकांचा संच म्हणजे समष्टी. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत तिलाच जनसंख्या म्हणतात, पण समष्टी विजेच्या दिव्यांची किंवा आंब्याच्या पेट्यांचीही असू शकते, म्हणून समष्टी हा शब्द अधिक सोयीचा. नमुना आणि न्यादर्श हे समानार्थी आहेत.

८. जनगणना होतेच, तर नमुना सर्वेक्षणांची गरज काय?

जनगणना प्रत्येकाला गाठते, म्हणून तिला मोजकेच प्रश्न विचारता येतात आणि ती दहा वर्षांतून एकदा होते. २०२१ ची तर त्या वर्षी झालीच नाही. कुटुंबाचा महिन्याचा खर्च, आहार किंवा आजारपण यांविषयी तासभर विचारपूस करायची, तर थोडी घरे आणि प्रशिक्षित अन्वेषक हाच मार्ग उरतो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण १९५० मध्ये सुरू झाले ते याच गरजेतून, आणि त्यामागे प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा बंगालमधील ताग पिकाच्या नमुना पाहणीचा १९३७ पासूनचा अनुभव होता.

‘सगळे मोजले म्हणजे चूक नाही’ हाही समज खरा नाही. जनगणनेनंतर तिचीच तपासणी करण्यासाठी एक नमुना सर्वेक्षण होते, आणि २०११ च्या जनगणनेत दर हजारी सुमारे २३ माणसे मोजायची राहून गेली, हे त्या छोट्या नमुन्यानेच दाखवून दिले.

९. नमुना चौकट म्हणजे काय? समष्टी आणि चौकट एकच नव्हे का?

समष्टी मनात असते, चौकट कागदावर. ज्या यादीतून प्रत्यक्षात नावे उचलली जातात ती यादी म्हणजे नमुना चौकट: मतदार यादी, शाळेचे हजेरीपट, शिधापत्रिकांची यादी, गावाचा घरनिहाय नकाशा. नमुना घेण्याच्या पद्धतींवर विद्यार्थी पानेच्या पाने लिहितात आणि चौकटीवर एक ओळही लिहीत नाहीत. माझ्या मते प्रकल्पाचे बरेवाईट येथेच ठरून गेलेले असते.

समजा, एका तालुक्यातील ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या शिक्षणाविषयी अभ्यास करायचा आहे आणि चौकट म्हणून जानेवारीतला शाळेचा हजेरीपट घेतला. हंगामात आईवडिलांबरोबर कारखान्याच्या फडावर गेलेली मुले त्या दिवशी वर्गात नाहीत, काहींची नावे पटावरून उतरली आहेत, आणि जी मुले आजीजवळ गावी राहिली तीच यादीत सापडतात. या यादीतून कितीही काटेकोर यादृच्छिक निवड केली तरी जी मुले यादीतच नाहीत ती नमुन्यात येणार नाहीत, आणि अभ्यास तर त्यांच्याविषयीच होता. म्हणून चौकटीविषयी तीन गोष्टी लिहाव्यात: यादी कोणत्या तारखेची आहे, तिच्यात कोण सुटले असण्याची शक्यता आहे, आणि कोणाचे नाव दोनदा आले असू शकेल.

१०. यादृच्छिक म्हणजे समोर येईल त्याला विचारायचे, असेच ना?

हा सर्वांत जास्त पसरलेला गैरसमज आहे, आणि ‘यादृच्छिक’ या शब्दातच थोडा स्वैरपणा ऐकू येत असल्यामुळे तो होतो. समोर येईल त्याला विचारणे ही सोयीस्कर निवड होय. यादृच्छिक निवडीत समष्टीतील प्रत्येक घटकाला निवडले जाण्याची आधीच ठाऊक असलेली, शून्याहून अधिक संभाव्यता असते आणि निवड माणसाच्या मर्जीवर नव्हे, तर यंत्रणेवर सोपवलेली असते. साध्या यादृच्छिक पद्धतीत ही संभाव्यता सर्वांना समान असते.

यंत्रणा म्हणून चिठ्ठ्या चालतात, पण त्या नीट ढवळाव्या लागतात. अमेरिकेत १ डिसेंबर १९६९ रोजी सैन्यभरतीसाठी जन्मतारखांची सोडत निघाली, तेव्हा महिन्यांच्या क्रमाने भरलेल्या डब्या पुरेशा ढवळल्या गेल्या नाहीत आणि वर्षअखेरीस जन्मलेल्या तरुणांचे क्रमांक लक्षणीय प्रमाणात आधी लागले. त्यापेक्षा यादृच्छिक अंकांचा तक्ता बरा. एल. एच. सी. टिपेट यांचा १९२७ चा तक्ता जनगणनेच्या अहवालांतून उचललेल्या ४१,६०० अंकांचा आहे. आज संगणकावरील तक्त्यातही अशी सोय असते; कोणती यादी, किती घटक आणि कोणते क्रमांक निघाले, हे मात्र परिशिष्टात जोडावे.

११. यादीतील दर चौथे घर घेतले. ही यादृच्छिक पद्धत झाली का?

ही क्रमबद्ध पद्धत झाली, आणि सुरुवातीचा क्रमांक १ ते ४ मधून चिठ्ठीने काढला असेल तरच ती संभाव्यतेवर आधारलेली ठरते. पहिल्या घरापासून आपल्या सोयीने सुरुवात केली असेल तर नाही.

धोका यादीच्या लयीत असतो. वीस मजल्यांच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर चार फ्लॅट आहेत आणि यादी १०१, १०२, १०३, १०४, २०१ अशी चढत जाते. दर चौथा फ्लॅट घ्यायचा ठरवून चिठ्ठीत २ आला, तर नमुन्यात १०२, २०२, ३०२ असे एकाच रांगेतले फ्लॅट येतात: सगळे एकाच दिशेचे, एकाच आकाराचे, बहुधा एकाच आर्थिक स्तरातले. दर पाचवा फ्लॅट घेतला असता तर १०२, २०३, ३०४, ५०१ अशी निवड आपोआप फिरत राहिली असती. आठवडी बाजाराच्या गावात दर सातव्या दिवशी एस.टी. स्थानकावरचे प्रवासी मोजणाऱ्याचीही अशीच फसगत होते. लय सापडल्यास अंतर बदलावे किंवा यादी आधी विस्कटून घ्यावी.

१२. स्तरित आणि समूह या दोन्ही पद्धतींत समष्टीचे गट पाडतात. मग फरक काय?

स्तरित पद्धतीत प्रत्येक गटातून थोडे घटक घेतले जातात, समूह पद्धतीत थोडे गट संपूर्ण घेतले जातात. समजा, महाविद्यालयात १,२०० विद्यार्थी आहेत: कला ६००, वाणिज्य ४००, विज्ञान २००. प्रत्येक शाखेच्या यादीतून प्रमाणशीर ६०, ४० आणि २० विद्यार्थी यादृच्छिक पद्धतीने घेतले तर १२० जणांचा स्तरित नमुना झाला. त्याच महाविद्यालयात साठ-साठच्या वीस तुकड्या आहेत, त्यांतल्या दोन चिठ्ठीने काढल्या आणि त्यांतील सर्वांना प्रश्नावली दिली, तर १२० जणांचाच समूह नमुना झाला. डोकी तेवढीच, पण दुसऱ्या नमुन्यात विज्ञानाचा एकही विद्यार्थी नसणे सहज शक्य आहे.

म्हणून गट आतून एकसारखे आणि परस्परांहून वेगळे असतील तर स्तर करावेत. गट आतून विविध असतील आणि प्रत्येक गट समष्टीची लहान प्रतिकृती असेल तर समूह परवडतात. वस्तुस्थिती अशी की समूह पद्धत अचूकतेसाठी निवडली जात नाही, ती प्रवासखर्च वाचवण्यासाठी निवडली जाते, आणि तसे स्पष्ट लिहिण्यात कमीपणा नाही.

स्तरांतून प्रमाणशीरच घटक घ्यावेत असेही बंधन नाही. २०२२-२३ च्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणात शहरी कुटुंबांचे स्तर करताना घरगुती वापराची चारचाकी हा निकष होता, कारण संपन्न कुटुंबे संख्येने थोडी असतात आणि साध्या निवडीत ती निसटतात. अशा वेळी निष्कर्ष काढताना प्रत्येक स्तराला त्याच्या खऱ्या प्रमाणाचा भार द्यावा लागतो. त्याचे गणित प्रश्न १८ मध्ये आहे.

१३. पीक कापणी प्रयोगात कोणती नमुना पद्धत असते?

बहुस्तरीय, म्हणजे टप्प्याटप्प्याने निवड करण्याची, आणि ती समजून घेतली की बाकी पद्धती आपोआप समजतात. पारंपरिक आराखड्यात तालुका हा स्तर असतो; त्यातून यादृच्छिक पद्धतीने गावे निवडतात; निवडलेल्या गावात ते पीक असलेली दोन शेते निवडतात; आणि शेतात ठरलेल्या मापाचा एक आयत आखतात. म्हणजे येथे स्तरही आहेत आणि टप्प्याटप्प्याची यादृच्छिक निवडही.

शेवटचा टप्पा प्रत्यक्ष पाहण्यासारखा असतो. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात उभे राहून लांबी आणि रुंदी पावलांनी मोजतात. समजा, शेत १०० पावले लांब आणि ६० पावले रुंद आहे आणि आयताला १३ बाय ७ पावले लागतात. तर १०० मधून १३ आणि ६० मधून ७ वजा करून ८७ आणि ५३ पर्यंतचे दोन यादृच्छिक अंक घेतात. पहिल्या अंकाइतकी पावले लांबीच्या बाजूने चालायची, तेथून काटकोनात वळून दुसऱ्या अंकाइतकी पावले आत जायचे, आणि पाय थांबेल तेथे पहिली खुंटी ठोकायची. तेथे पीक विरळ असो की दाट, खुंटी हलवायची नाही. ‘साहेब, जरा पलीकडं घ्या, इथं पाणी साचलं होतं,’ असे शेतकरी म्हणतो, आणि त्याचे म्हणणे खरेही असते. पण पाणी साचलेला तुकडा हासुद्धा तालुक्याच्या उत्पादनाचा भाग आहे. मग दोरी ताणून आतले पीक कापतात, मळतात, तोलतात.

या आयताच्या आकारावरून १९४० च्या दशकात मोठा वाद झाला होता. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी असे दाखवले की, तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन फुगून दिसते, कारण दोरीवर येणारी ताटे आत धरण्याकडे माणसाचा कल असतो आणि लहान तुकड्यात अशा काठावरच्या ताटांचे प्रमाण जास्त असते. महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते. हा वाद मुळात दोरीच्या जागेविषयीचा आहे आणि निवडीइतकेच मापनही चुकू शकते, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

१४. गूगल फॉर्म व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर पाठवला आणि ३०० उत्तरे आली. पद्धत कोणती लिहू?

सोयीस्कर नमुना, स्वयंनिवडीसह (म्हणजे ज्यांना वाटले त्यांनीच उत्तर दिले). ‘यादृच्छिक’ लिहू नये, कारण येथे चौकट नाही (प्रश्न ९) आणि संभाव्यताही ठाऊक नाही (प्रश्न १०). फॉर्म किती जणांपर्यंत पोहोचला हेच माहीत नसल्याने प्रतिसादाचे प्रमाणही सांगता येत नाही. अशी सामग्री प्रश्नावलीची चाचणी घेण्यासाठी किंवा विषयाचा अंदाज येण्यासाठी उपयोगी पडते. तिच्यावरून ‘महाराष्ट्रातील ६२ टक्के तरुणांना असे वाटते’ असे वाक्य मात्र लिहिता येत नाही.

१५. कोटा पद्धत आणि स्तरित पद्धत दिसायला सारखीच आहे. आणि हिमगोळा पद्धत वापरली तर परीक्षक नापसंत करतील का?

कोटा पद्धतीत ‘तीस स्त्रिया, तीस पुरुष’ एवढे ठरलेले असते आणि त्या तीस कोणत्या हे अन्वेषक ठरवतो. साहजिकच तो सोपी, हसतमुख, रस्त्यालगतच्या घरांतली माणसे घेतो. स्तरित पद्धतीत त्या तीस जणांची नावे यादीतून चिठ्ठीने निघतात.

हिमगोळा पद्धतीत एक उत्तरदाता पुढच्याचे नाव सुचवतो. कचरावेचक, परगावाहून आलेले घरकामगार अशा ज्यांची यादीच अस्तित्वात नसते त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा तो बहुधा एकमेव मार्ग असतो. परीक्षक पद्धतीला नव्हे, तिच्याबरोबर छापलेल्या टक्केवारीला हरकत घेतात.

१६. नमुना किती मोठा असावा? दहा टक्के घेतला की पुरे, असे शिकवले आहे.

दहा टक्क्यांचा नियम सोडून द्यावा. २०० जणांतून २० घेतले तर ते फार कमी पडतात, आणि २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाखांहून अधिक असल्याने तिचे दहा टक्के म्हणजे एक कोटी बारा लाखांहून अधिक माणसे होतील. अचूकता मुख्यतः नमुन्याच्या आकारावर अवलंबून असते, त्याच्या टक्केवारीवर नाही. वरण सारखे ढवळले असेल तर पातेले लहान असो की लग्नघरातले, चव एका चमच्यात कळते.

प्रमाण काढायचे असेल तर ९५ टक्के विश्वासपातळी (म्हणजे असे शंभर नमुने घेतले तर सुमारे ९५ वेळा अंदाज ठरलेल्या त्रुटीच्या आत राहील) आणि अधिकउणे ५ टक्के त्रुटीसाठी, साध्या यादृच्छिक पद्धतीत, सुमारे ३८५ घटक लागतात. त्रुटी ३ टक्क्यांवर आणायची तर १,०६८. समष्टीच लहान, समजा ६०० ची असेल, तर ३८५ च्या जागी २३५ पुरतात. नमुना समूह पद्धतीचा असेल तर मात्र आकडा वाढतो, कारण एकाच वस्तीतली माणसे एकमेकांसारखी असतात: प्रत्येक समूहातून २० जण घेतले आणि त्यांच्यातील साधर्म्याचा गुणांक ०.०५ इतका लहान असला, तरी ३८५ चे सुमारे ७५० करावे लागतात.

केवळ आकार वाढवून निवडीतला दोष जात नाही, याचे प्रसिद्ध उदाहरण १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीचे आहे. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून अधिक परत आल्या, आणि लँडन जिंकतील असा अंदाज निघाला. प्रत्यक्षात रूझवेल्ट सुमारे ६१ टक्के मते घेऊन विजयी झाले. पत्ते दूरध्वनी पुस्तिका आणि मोटारींच्या नोंदींतून घेतले होते, आणि उत्तर पाठवण्याची तसदी घेणारेही वेगळे होते.

१७. निवडलेले घर बंद होते म्हणून शेजारचे घेतले. एवढ्याने काय बिघडते?

बिघडते, कारण घर बंद असण्यालाही कारण असते. दुपारी बारा वाजता कुलूप असलेल्या घरात दोघेही कामाला जातात. शेजारचे उघडे असते ते घरी कोणी वृद्ध किंवा लहान मूल आहे म्हणून. मी स्वतः पहिल्या सर्वेक्षणात हीच चूक केली होती, आणि ‘नोकरी करणाऱ्या स्त्रिया’ या रकान्यात जवळजवळ कोणीच का नाही, हे कोष्टके तयार झाल्यावर लक्षात आले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात निवडलेल्या घराच्या बदली दुसरे घर घेता येत नाही. वेगवेगळ्या वेळी पुन्हा जावे लागते आणि तरीही भेट न झाल्यास ‘प्रतिसाद नाही’ अशी नोंद होते. आपणही सकाळी, संध्याकाळी आणि रविवारी अशा निदान तीन फेऱ्या कराव्यात, आणि गळती गृहीत धरून मुळातच थोडा मोठा नमुना निवडावा.

१८. काम संपल्यावर कळले की नमुन्यात मुली फार जास्त आल्या. अहवाल टाकून द्यायचा का?

नाही; खरे प्रमाण ठाऊक असेल तर भार देऊन दुरुस्ती करता येते. समजा, महाविद्यालयात मुलगे आणि मुली निम्मे-निम्मे आहेत, पण १२० च्या नमुन्यात ८० मुली आणि ४० मुलगे आले. वाचनालयाची वेळ वाढवावी असे ६० मुली (७५ टक्के) आणि १८ मुलगे (४५ टक्के) म्हणाले. सरळ बेरजेने ७८, म्हणजे ६५ टक्के येतात. दोन्ही गटांना निम्मा-निम्मा भार दिला तर ७५ आणि ४५ यांची सरासरी ६० टक्के येते. अहवालात दोन्ही आकडे द्यावेत आणि भार कशाच्या आधारे दिला ते लिहावे.

भार देण्याची मर्यादा अशी की, नमुन्यात आलेल्यांचे वजन कमीजास्त करता येते, न आलेल्यांना आणता येत नाही. वाचनालयात येणाऱ्यांनाच विचारले असेल, तर तेथे कधीच न फिरकणाऱ्या मुलग्यांचे मत ४० च्या जागी ६० धरून मिळणार नाही. अशा वेळी समष्टीची व्याख्याच आवळून शीर्षकात ‘महाविद्यालयातील विद्यार्थी’ ऐवजी ‘वाचनालयाचा वापर करणारे विद्यार्थी’ असे लिहावे, आणि त्यानुसार उद्दिष्टांची वाक्येही बदलून घ्यावीत.